पाकिटाची पाठ कशी लिहावी : नवउद्योजकांसाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम अभिनंदन. तुमची चकली सोसायटीत गाजली, नणंदेच्या ऑफिसातून ऑर्डरी आल्या, आणि आता कोपऱ्यावरचा वाणी म्हणतोय, "ताई, माल ठेवतो, पण पाकिटात द्या. आणि पाकिटावर काय ते सगळं छापून द्या." हे 'काय ते सगळं' म्हणजे काय, एवढंच या मार्गदर्शिकेत आहे.

चकली परातीत आहे तोवर तो फराळ असतो. ती पिशवीत घालून तोंडाला सील मारलं आणि पाकीट फोडल्याशिवाय आतल्या मालाला हात लावता येईनासा झाला, की कायद्याच्या लेखी ते 'प्रीपॅकेज्ड फूड'. मग तिला स्वतःविषयी बोलावं लागतं. काय बोलायचं, ते २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली निघालेल्या २०२० च्या लेबलिंग नियमांत आहे. बढाई किती मारायची, ते २०१८ च्या दाव्यांच्या आणि जाहिरातींच्या नियमांत. वजन आणि किंमत कशी सांगायची, ते वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांत. तिन्ही छापून काढलेत तर चकलीच्या पाकिटात मावणार नाहीत, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी एक सूत्र ध्यानात ठेवावं: पाकिटाला एक तोंड असतं आणि एक पाठ असते. तोंड माल विकतं, पाठ कबुली देते. नवशिक्या माणूस भाबडेपणानं दोन्हीकडे एकच गोष्ट लिहितो आणि मग माल का उठत नाही म्हणून दुकानदाराला दोष देतो.

तोंड

दर्शनी भागावर कायद्याला फारसं काही नको असतं. पदार्थाचं खरं नाव हवं, शाकाहारी-मांसाहारीची खूण हवी. उरलेलं मैदान तुमचं. तुळशीवृंदावन काढा, नऊवारीतली आजी काढा, जातं काढा. भाजणी गिरणीतून आणली हे पाकिटाला ठाऊक नसतं. आजीच्या हातात सोऱ्या मात्र द्या, नाहीतर मुलं तिला वड्यांची समजतील.

'आजीची माया' असं नाव ठेवायचं घाटतंय? ठेवा. फक्त त्याच्यासोबत 'चकली' असंही लिहावं लागेल. माया हा पदार्थ कायद्याला मान्य नाही.

आता पहिला धक्का. पाकिटावर तुम्ही ठळक अक्षरात 'घरगुती' लिहिलं असणार. २०१८ च्या नियमांनुसार घरी केलेलं, घरी रांधलेलं अशा अर्थाचे शब्द ग्राहकाचा गैरसमज होईल अशा रीतीनं वापरायचे नाहीत. हा नियम कोणी मनावर घेतला तर महाराष्ट्रातली मेतकूट, गोडा मसाला, कुरडया आणि सांडगी मिरची यांची निम्मी पाकिटं कोरी पडतील. तुमचा माल खरोखरच घरचा आहे, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला, त्यामुळे तुमच्याबाबत गैरसमजाचा प्रश्न येऊ नये. प्रश्न येतो पुढे. धंदा वाढतो, गाळा घेतला जातो, चार बायका कामाला लागतात, चकली पाडायचं यंत्र येतं, आणि तो शब्द उतरवायची वेळ येते. नेमका त्याच दिवशी तो आधीच्या दुप्पट टायपात हवासा वाटू लागतो, असा या व्यवसायातला सार्वत्रिक अनुभव आहे.

'शुद्ध', 'ताजं', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'अस्सल' या शब्दांवरही अशाच अटी आहेत. निराश होऊ नका, मागचं दार उघडं आहे. ज्या शब्दावर अट आहे तोच ब्रँडच्या नावात घाला. मग त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढायची आणि किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत जाहीर करायचं, की हे केवळ ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे, त्यातून मालाचं खरं स्वरूप सूचित होत नाही. बोटभर उंचीचं 'अस्सल' आणि तांदळाच्या कणीएवढा खुलासा. लग्नपत्रिकेवर 'चि.' च्या डोक्यावर अशी एक चांदणी छापायची मुभा असती, तर कोर्टातली बरीच गर्दी कमी झाली असती.

घटक : उतरत्या क्रमाची कला

पाठीवरचा हा मुख्य अध्याय. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे; माल तयार करताना जो सर्वांत जास्त घातला तो पहिला. भाजणी हा संयुक्त घटक असल्यामुळे 'भाजणी' लिहून कंसात तांदूळ, हरभरा डाळ, मुगाची डाळ, उडदाची डाळ अशी फोड करायची, तीही उतरत्या क्रमानं. सासूबाई इथे पाकृती फुटेल म्हणून घाबरतील. त्यांना सांगा की धणे, जिरे, ओवा ही मंडळी 'मसाले' या एका शब्दाच्या पदराआड जाऊ शकतात. सरकारनं सासवांची एवढी तरी बूज राखलेली आहे.

खरी कसोटी तेलाची. कढईत ओतलेलं तेल निराळं आणि चकलीनं प्यायलेलं निराळं. घाण्याआधी तेल तोला, घाणा संपल्यावर उरलेलं तोला, मधला फरक चकलीच्या पोटात गेला. भाजणीत घातलेलं मोहन यात धरायला विसरू नका. ही बेरीज पहिल्यांदा करणाऱ्या बाईनं नंतरचा अर्धा तास कोणाशी बोलायचं नसतं, असा संकेत आहे. तेल यादीत इतक्या वर चढलेलं पाहून धक्का बसतो. पण तेच तेल गेली पंचवीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी आवडीनं खाल्लेलं असतं.

नुसतं 'खाद्य वनस्पती तेल' लिहून भागत नाही, कुठलं ते सांगावं लागतं. पामोलीन असेल तर पामोलीन. पुढच्या बाजूला सूर्यफुलाचं शेत काढायचा मोह होईल. तो आवरा, कारण चित्रालाही कायदा लागतो. पाकिटावर शब्दानं किंवा चित्रानं एखादा घटक मिरवला, तर तो किती टक्के आहे हे छापावं लागतं. नाचणीची बिस्किटं, मल्टिग्रेन ब्रेड, बदाम कुकीज यांचा पुडा यापुढे उलटा धरूनच घ्या. पुढे नाचणीचं डुलतं कणीस असतं. मागे मैदा पहिल्या नंबरावर बसलेला असतो आणि नाचणी कंसात आपला टक्का सांभाळून उभी असते. तो आकडा वाचल्यावर कणीस जरा जास्तच डोलत होतं असं वाटतं.

चकलीत साखर नसते, त्यामुळे तुम्ही या कलेच्या एका मोठ्या दालनाला मुकताय. पुढे शंकरपाळे किंवा एनर्जी बार करायला घ्याल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगतो. समजा, मालात गोडवा इतका आहे की साखर यादीत पहिली येईल. पहिली येणं चांगलं दिसत नाही. मग ती वाटून टाकायची: थोडी साखर, थोडा गूळ, थोडा लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप, चमचाभर मध. प्रत्येकाचं वजन कमी, त्यामुळे प्रत्येक जण यादीत खाली, आणि सर्वांत वर ओट्स राजासारखे विराजमान. यात बेकायदा काहीही नाही. अडचण एवढीच, की खालच्या पोषणाच्या तक्त्यात 'ॲडेड शुगर' अशी एक ओळ असते आणि तिथे सगळे भाऊ पुन्हा एकत्र कुटुंबात येतात. गूळ आणि मधसुद्धा. पुढच्या बाजूला 'गुळाचा गोडवा' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो मागे साखरेच्याच ओळीत उभा असतो.

आकड्यांनी गांगरू नका. यादीत जे ३३०, ५००, ३२२ असे नंबर दिसतात ते अन्नात मिसळलेल्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक. चिवड्यात घालतात ते लिंबाचं सत्त्व म्हणजे ३३०, खाण्याचा सोडा म्हणजे ५००(२), सोयाबीनमधून निघणारं लेसिथिन म्हणजे ३२२. नाव लिहा किंवा नंबर, पण तो काय काम करतो ते आधी सांगावं लागतं. त्यामुळे आईच्या चिवड्यातलं लिंबाचं सत्त्व पाकिटावर येताना 'आम्लता नियामक (३३०)' असा सरकारी हुद्दा घेऊन येतं. आकडा दिसला की विष, असं समजणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी काहीजण मुद्दाम नाव छापतात. दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं.

ठिपका

हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी. ही पद्धत २००१ पासूनची. मांसाहारीसाठी पूर्वी तपकिरी गोल होता. २०२० च्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला, रंग न ओळखता येणाऱ्यांनाही कळावं म्हणून. सगळ्या लेबलांवरची ही एकमेव खूण आहे जी न वाचता कळते, आणि म्हणूनच बहुधा मराठी माणूस पाकिटावर तेवढीच बघतो.

तुमची चकली हिरवी, प्रश्नच नाही. पण ज्ञान असावं. दूध, मध, मेण आणि लाख यांना कायद्यानं मांसाहाराच्या व्याख्येतून सूट दिलेली आहे. लाख, म्हणजे लाखेच्या किड्यानं झाडावर सोडलेली राळ. ती खाऊवर चकाकी आणायला वापरतात, क्रमांक ९०४. आत्याबाईंना हे सांगायचं की नाही, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरची परिस्थिती पाहून ठरवावं.

या ठिपक्याची एक मोठी उणीव मात्र आहे. दुकानात येणारी बाई जे विचारते त्याला तो उत्तर देत नाही. ती विचारते, "उपवासाला चालेल का?" नियमांच्या एवढ्या बाडात त्याला एक चौकोनदेखील नाही. बटाट्याच्या चिवड्याच्या पाकिटावर पुढे 'उपवासाचा' असं लिहिलेलं असतं. पण मीठ साधं की सैंधव, तळलं शेंगदाणा तेलात की पामोलीनमध्ये, त्यात हळद आहे का, हे ती मागे वाचते, आणि मग तिच्या माहेरी काय चालायचं नि सासरी काय चालतं याचा हिशेब मनात करते. सबंध देशात घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा वर्ग कोण, असं विचाराल तर आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी वाण्याच्या दुकानात उभे राहा.

पोषणाचा तक्ता, अर्थात एका चकलीवर थांबणारा माणूस

ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, ॲडेड शुगर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, सोडियम. हे सगळं दर १०० ग्रॅममागे. शिवाय एका वाढणीतून माणसाच्या दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा भागतो तेही सांगायचं. दिवसाची गरज कायद्यानं धरून दिली आहे: ऊर्जा २००० किलोकॅलरी, फॅट ६७ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, ॲडेड शुगर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ.

एक वाढणी किती? इथे तुमच्या प्रतिभेला वाव आहे. समजा, १०० ग्रॅम चकलीत ५३० किलोकॅलरी, ३० ग्रॅम फॅट आणि ८०० मिलिग्रॅम सोडियम निघालं. आकडे जरा अंगावर येणारे आहेत. तर वाढणी ठरवा २५ ग्रॅमची. लगेच पाकिटावर काय येतं बघा: ऊर्जा जेमतेम ७ टक्के, फॅट ११ टक्के, सोडियम १० टक्के. अगदी आजारी माणसाला द्यावं असं. २५ ग्रॅम म्हणजे एक बऱ्यापैकी मोठी चकली. तुमच्या गृहीतकातला माणूस दोनशे ग्रॅमचं पाकीट फोडतो, एक चकली खातो, पाकिटाला रबर लावतो, डब्यात ठेवतो आणि असं आठ दिवस करतो. हा माणूस महाराष्ट्रात कुणी पाहिलेला नाही, पण देशभरातल्या पाकिटांवरचे टक्के त्याच्याच भरवशावर चालले आहेत. क्रिकेटची मॅच लागली की दोघांत एक पाकीट संपतं. एकट्यानं संपवलं तर फॅट दिवसाच्या ९० टक्के, सोडियम ८० टक्के, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंय.

या तक्त्याची अक्षरं एवढी बारीक का, असा प्रश्न अधूनमधून सरकारलाही पडतो. साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरात द्यावेत, असा प्रस्ताव अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये मंजूर केला. त्याआधी २०२२ मध्ये हॉटेलांसारखे पाकिटांना अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायचा मसुदा निघाला होता. ग्राहक संघटना म्हणाल्या, तारे कसले देताय, इशारा द्या. चिलीत २०१६ पासून मीठ-साखर जास्त असलेल्या मालाच्या तोंडावरच काळा अष्टकोन छापतात. नवउद्योजकानं या चर्चेकडे बारीक लक्ष ठेवावं. तारे आले तर आजीशेजारी लावता येतील. अष्टकोन आला तर तो आजीच्या तोंडावर येईल.

जे नाही त्याचं काय करावं

पाकिटात काय नाही हे सांगणं फार सोपं आणि फार फायद्याचं. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, तेव्हा 'कोलेस्टेरॉल फ्री' म्हणून टाळी घ्यायचा मोह होतो. तरी मोजमापं ठरलेली आहेत, ती पाळा: 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको, 'ट्रान्स फॅट फ्री' म्हणायचं तर ०.२ ग्रॅमपेक्षा कमी हवं. साखरेऐवजी पॉलिऑल जातीची गोडी १० टक्के किंवा त्याहून जास्त घातली असेल, तर त्यामुळे जुलाब होऊ शकतात हेही छापावं लागतं. पुढे 'शुगर फ्री आनंद', मागे जुलाब. तोंड आणि पाठ यांच्यातलं अंतर समजून घ्यायला याहून चांगला पाठ नाही.

'नाही' म्हणण्यात धोकाही असतो. २०१५ मध्ये मॅगीवर जी देशभर आपत्ती आली, तिच्यात शिशाच्या प्रमाणाबरोबर पाकिटावरच्या 'नो ॲडेड एमएसजी' या तीन शब्दांचा वाद होता. एमएसजीतलं ग्लुटामेट टोमॅटोसारख्या पदार्थांत निसर्गतःही असतं. बाहेरून घातलं नाही आणि आत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जून महिन्यात माल बाजारातून उचलायचा आदेश निघाला, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करून नव्यानं तपासण्या करायला सांगितल्या. मधल्या काळात हॉस्टेलांतल्या मुलांचे जे हाल झाले त्यांची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही.

'१०० टक्के' हा आकडाही जपून वापरा. घट्ट अर्कात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसाला '१०० टक्के फळांचा रस' म्हणायला प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये मनाई केली. चकलीवर '१०० टक्के खुसखुशीत' लिहिलंत तर मात्र बहुधा कोणी हरकत घेणार नाही.

तारीख

उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' ही तारीख, दोन्ही सक्तीच्या. 'बेस्ट बिफोर' आता फक्त जोडीला, हौस म्हणून. माल तीन महिन्यांपर्यंत टिकणारा असेल तर दिवस-महिना-वर्ष पुरतं लिहायचं.

चकली किती टिकते? शास्त्रीय पद्धत अशी की नमुने ठेवून ठरावीक दिवसांनी तपासायचे. प्रचलित पद्धत अशी की शेजारच्या ब्रँडच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघायचं. त्यानं त्याच्या शेजारच्याचं बघितलेलं असतं. पण तुमचं तेल, तुमची पिशवी, तुमचं सील निराळं. खवटपणा शेजारच्याला विचारून येत नाही.

तारीख छापायची कुठे, यावर या व्यवसायात फार विचार झालेला आहे. उत्तम रीत म्हणजे पाठीवर ठसठशीत लिहायचं: 'तारीख, बॅच नंबर व किंमत यांसाठी पाकिटाची वरची कड पाहा'. वरच्या कडेला सीलच्या चुण्या असतात. चुण्यांत राखाडी ठिपक्यांची एक ओळ असते. ती गडद जांभळ्या रंगावर असेल तर उत्तमच. गिऱ्हाईक पाकीट ट्यूबलाइटखाली धरून तिरकं करतं, मान वाकडी करतं, मग शेजारी उभ्या मुलाला म्हणतं, "बघ रे, हे तीन आहे का आठ?" या सगळ्यात मागचा घटकांचा मजकूर वाचायची शक्ती उरत नाही. अर्थात तारीख सहज वाचता येईल अशीच हवी असं नियमात स्पष्ट आहे. तीन आणि आठ यांच्यात पाच महिन्यांचा फरक असतो.

वजन आणि किंमत

पूर्वी बिस्किटांसारख्या कित्येक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन २०२२ मध्ये सुटलं. आता दहा रुपयांचं पाकीट दहाच रुपयांना ठेवून आतला माल हलक्या हातानं कमी करत नेता येतो. याला उतारा म्हणून कायद्यानं एककामागची किंमत छापायला लावली. तुमचं २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना, तर एमआरपीजवळ लिहा: प्रति ग्रॅम ०.६० रुपये. साठ पैसे हातात घेऊन दुकानात गेल्यास काय मिळतं हे नवीन पिढीला सांगावं लागेल, पण दोन पाकिटं शेजारी धरून तुलना करायला लेबलावर याहून कामाचा आकडा नाही. तो बारीक छापायची प्रथा पडली आहे यात नवल नाही.

वजनात नियम थोडी माणुसकी दाखवतात. २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंत तूट चालते, मात्र नमुन्यातल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये. ९ ग्रॅम म्हणजे एका पाकिटात पाव-अर्धी चकली कमी, तर दुसऱ्यात तेवढी जास्त. तुटक्या चकल्यांचा उपयोग कायद्यानं मान्य केलेला हा एकमेव प्रसंग.

ॲलर्जी, आणि न्यू जर्सीचा भाचा

गहू किंवा ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकडा, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे नि बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक मर्यादेवरचं सल्फाइट: हे आठ आपल्याकडे वेगळे जाहीर करावे लागतात. भाजणीत मूठभर गहू घातले असतील किंवा मोहनाला लोणी वापरलं असेल तर 'यात गहू, दूध आहे' असं लिहा. तीळ या यादीत नाहीत. चकलीतले तीळ निवांत राहू द्या.

पण दिवाळीचा फराळ न्यू जर्सीच्या भाच्यामार्फत परदेशी विकायचा मनसुबा असेल तर तिथल्या नियमांचं लेबल वेगळं लागतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा ॲलर्जन झाला. तिथे गंमत अशी झाली की काही बेकऱ्यांना आपल्या पावात तिळाचा कण जाणार नाही याची हमी देणं जड वाटलं. म्हणून त्यांनी पावात मुद्दाम तीळच घातले आणि लेबलावर 'तीळ आहेत' असं सरळ लिहून टाकलं. कायदा तिळाची ॲलर्जी असलेल्यांसाठी होता. खाता येईल असा पाव त्यांच्यासाठी आणखी कमी झाला. लेबल लिहिणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण पहिल्या पानावर असायला हवं.

काळी फुली

पूजेचं तूप, दिव्याचं तेल विकणार असाल तर चौकटीत काळी फुली छापा: माणसानं खाण्यासाठी नाही. देवानं खाण्याबद्दल नियम काही म्हणत नाहीत.

भाषा

लेबल इंग्रजीत हवं किंवा देवनागरी हिंदीत. मराठीला मनाई नाही, पण ती वरची, आणि इंग्रजी-हिंदी मजकुराशी विसंगत नसावी. म्हणून तोंडावर मराठी आणि पाठीवर इंग्रजी, अशी वाटणी सगळीकडे दिसते. आजी मराठी बोलते. पामोलीन इंग्रजीत बोलतं.

शेवटी, तुमचा पत्ता

चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बोधचिन्हासह छापा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. पुढच्या आकड्यांत राज्य आणि वर्ष दडलेलं असतं. तुमचा २ नं सुरू होईल. लाजू नका. चुकीच्या लेबलाला कायद्याच्या भाषेत 'मिथ्याछाप' म्हणतात आणि दंड तीन लाखांपर्यंत जातो, आजी कितीही प्रेमळ असली तरी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत. छापखान्याला एकदम दहा हजारांचा रोल छापायला सांगू नका. नियम बदलत राहतात, आणि जुनी लेबलं कुणी वहीला घालत नाही.

उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी नाव, फोन, ईमेल हेही सक्तीचं. फोन कुणाचा द्यायचा यावर घरात वाद होईल. नवऱ्याचा देऊ नका. तो मीटिंगमध्ये असतो. स्वतःचाच द्या. दुपारी दीडला, नुकतं जेवण उरकून आडवं व्हावं तर फोन वाजेल. पलीकडे एक बाई असेल. आवाजावरून साठीची, चष्मा कुठे तरी ठेवलेला.

"तुमची ती चकली आणली हो. तेल कुठलं वापरता?"

तुम्ही म्हणाल, "पाकिटाच्या मागे छापलंय ना, काकू."

"ते छापतात सगळेच. तुम्ही सांगा."